मनगटातली घुरघुर

डायलिसिससाठी डाव्या मनगटात धमनी आणि शीर जोडल्यापासून वीरभद्रप्पांचं रक्त तिथं मांजरासारखं घुरघुरायचं. "घुरघुर थांबली तर मशीनला रक्त मिळणार नाही, रोज हात लावून बघा," लातूरच्या सिस्टरनं बजावलेलं. सकाळी ते तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसले, की बायको नीलम्मा मनगटावर बोटं ठेवायची. आज बोटांना काहीच लागलं नाही. 'सुटलो!' तिला आधी हेच वाटलं. दिवसाआडची औसा-लातूर बस नाही, दवाखान्यातलं बाकडं नाही. मग दचकून तिला आठवलं, भाकरी उलटून बोटंच बधिर झालीत. लिंगाला धक्का न लावता तिनं वाकून मनगटाला कान लावला. बघणाऱ्याला वाटावं, नमस्कारच करतेय. आत घुरघुर होती. "थांबलं का गं?" लिंगावरची नजर न हलवता त्यांनी विचारलं. आवाजात तिच्यासारखीच सुटायची आस होती. "न्हाई," ती अपराध्यासारखी म्हणाली, "चालू हाय."