पहिली अंजिरं

थंडी सरली की गच्चीवरच्या कुंड्यांतल्या अंजिरांना बोराएवढी फळं धरतात. चिंधानाना दरसाल ती सगळी खुडून टाकत. पहिल्याच फळांत झाडाची ताकद गेली तर पावसाळ्यातली मोठी, गोड अंजिरं हाती लागत नाहीत, हे त्यांचं ठाम मत.

यंदा जळगावच्या डॉक्टरांनी नानांना बाहेर बसवून कुंदनला, त्यांच्या मुलाला, एकट्याला आत घेतलं. "उन्हाळा काढतील. पुढचं मी सांगू शकत नाही," एवढंच ते म्हणाले. चाळीसगावचं घर येईपर्यंत कुंदन गाडीत भलतंसलतं बोलत राहिला. नानांच्या कानावर यातलं अक्षरही जाता कामा नये, असं त्याने घरात सगळ्यांना बजावलं. तेव्हापासून नानांनी नुसती हाक मारली तरी तो काहीतरी काम काढून बाहेर सटकायचा.

आज सकाळी त्यांनी त्याला नेहमीसारखं "भाऊ" म्हणून गच्चीवर बोलावलं. आता विचारणारच, या धास्तीने तो जिना चढला. पण नाना कुंडीपाशी उभे राहून हिरवी फळं न्याहाळत होते. कुंदनचा जीव भांड्यात पडला. काहीच बदललेलं नाही असं दाखवायला तो घाईघाईने फळं खुडायला वाकला.

"खुडी टाकस, नाना. पावसाळामा मोठला मोठला येतीन."

नानांनी त्याचा हात धरला.



"यंदा राहू दे, भाऊ. ह्याच पिकू दे."