खिडकीतल्या जावा

महानगराच्या वेशीवरचं ते नदीकाठचं गाव इतकं जुनं, की शहरातली माणसं रोज तिकीट काढून बोटीतून ते बघायला यायची. सासरेबुवांच्या घरातली भांडणं मात्र फुकट होती. स्वयंपाकघरात दोन्ही सुनांची सकाळपासूनच जुंपायची.

"जाऊबाई, माझ्या कढईला हात लावाल तर याद राखा!" धाकटी म्हणायची.

"तुझी कढई? माहेरून आणलीस वाटतं!" थोरली फणकारायची.

तेवढ्यात नदीवर बोटीचा भोंगा वाजायचा. दोघी झटकन पदर सारखा करून खिडकीत यायच्या आणि एकमेकींच्या गळ्यात हात टाकून गोड हसायच्या. खाली फोटो निघायचे. गाईड सांगायचा, "बघा, इथं अजून एकत्र कुटुंबं सुखानं नांदतात!" बोट पुढं जाईपर्यंत हसून हसून दोघींचा राग निम्मा उतरलेला असायचा, आणि कढई एकदाची गॅसवर चढायची.

परवा बोट दुरुस्तीला गेली. काल थोरलीनं वेगळ्या चुलीची भाषा केली आणि धाकटीनं भांडी वाटून मागितली.



आज सकाळपासून सासरेबुवा धक्क्यावर बोटवाल्याच्या विनवण्या करताहेत, "बाबा रे, बोट राहू दे, पण नुसता भोंगा तरी वाजव!"