उरलेली चरबी

झहीरचं वजन उंचीला साजेसं झालं, तेव्हा सगळ्या कुंभिवलीने त्याची पाठ थोपटली. डॉक्टर मात्र म्हणाले होते, "यकृतात अजून थोडी चरबी आहे. ती गेल्याशिवाय तुमच्या यकृताचा तुकडा झिनतला, तुमच्या बहिणीला, देता येणार नाही." वरची चरबी समजूतदार असते, आतली हट्टी. मग ईदचा शीरखुर्माही त्याने ओठाला लावला नाही, आणि रोज सकाळी खालापूरपर्यंत झपाझप चालणं काही सोडलं नाही.

आजही तो घाम पुसत भिवाजीच्या चहाच्या टपरीवर टेकला.

"किती वाळलास रं झहीर. आज तरी साखरेचा घे," भिवाजी म्हणाला.

"नको रं. इथवर येऊन आता ढिलाई नाय करायची. झिनत वाट बघत असंल."

एरवी थट्टा केल्याशिवाय चहा न देणाऱ्या भिवाजीने मान खाली घातली आणि बिनसाखरेचा पेला पुढे केला.

 

परतीच्या वाटेवर झहीर कब्रस्तानाच्या फाटकापाशी थांबला आणि आतल्या ताज्या मातीच्या ढिगाकडे बघत म्हणाला, "थोडीच राहिलीय गं. अजून जरा दम धर."