मालाऊचं पिल्लू

लोसेली आपल्या एकुलत्या लेकाला रोज ऐकवायची, "रानातली मालाऊ पक्षीण तळ्याकाठच्या ऊन मातीत अंडं पुरते नि मागे वळूनही बघत नाही. पिल्लू एकटंच माती उकरून वर येतं आणि भुर्रकन उडून जातं. आणि तू, घोड्या! तिशी उलटली तरी आईच्या हातचं गिळतोस!"

ऐकून ऐकून विटलेला लिसियाते अखेर कामधंदा शोधायला राजधानीला, नुकुआलोफाला जाणाऱ्या बोटीत चढला. निरोपाला आई किनाऱ्यावर दिसेना, तसा तो मनातून खट्टूच झाला.

बेट दिसेनासं झालं.

"आई, तू? इथे?"

"अळूतलं मटण गार होतंय, आधी जेव," बोटीतल्या टोपल्यांमागून उठत लोसेली म्हणाली. "मालाऊ पुष्कळ अंडी घालते रे. मी एकच घातलंय."