शहराची जीभ

“बोल लवकर,” तो ओठ न हलवता म्हणाला. “वेटर बघतोय.”

बायकोने आसपास एक नजर फिरवली आणि मग चमचा तोंडात घातला. अठराव्या मजल्यावरच्या अशा हॉटेलात तिला अजूनही बुजल्यासारखं होतं, असं त्याला वाटलं.

“मासा ताजा आहे,” ती पुटपुटली. “लिंबू थोडं जास्त झालंय. पण लोणी छान लागतंय.”

त्याने वहीत लिहिलं : लिंबाने आगाऊपणा केला, लोण्याने समजूत काढली.

“बघ,” तो खुशीत म्हणाला, “तू नुसता दगड आणून देतेस. मूर्ती मी घडवतो.”

ती पाणी प्यायली.

रविवारच्या पुरवणीत त्याचं हॉटेलांवरचं सदर सोळा वर्षं येत होतं. लोक त्याला ‘शहराची जीभ’ म्हणत. त्या जिभेला हाड नाही, असंही म्हणत. पण वाचत मात्र चवीने. दीड वर्षापूर्वी साथीच्या तापाने नवरा-बायको दोघांनाही पंधरा दिवस अंथरुणात ठेवलं. तो उठला तेव्हा त्याला कॉफी आणि कोमट पाणी यांत फरक कळेना. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. चव काही आली नाही.

“सदर गेलं तर मी संपलो,” तो तेव्हा म्हणाला होता. “आजपासून माझ्याऐवजी तू चाखायचंस. कुणाला ताकास तूर लागता कामा नये.”

ती काहीतरी बोलायला गेली होती. “नाही म्हणू नकोस,” म्हणून त्याने विषय संपवला.

तेव्हापासून दोघं शहरभर जेवत फिरले. पांढरे हातमोजे घातलेल्या वेटरांची हॉटेलं झाली, बंदरावरची मासळीची खानावळ झाली, ट्रे हातात धरून रांग लावायची तळघरातली उपाहारगृहं झाली. तिचं सहसा चुकत नसे. ती ज्याला चांगलं म्हणे, तिथे महिनोन्महिने गर्दी टिके. घरी मात्र ती मीठसुद्धा चमच्याने मोजून घालायची. तो गमतीने म्हणायचा, “बाहेर उस्ताद आणि घरात कंपाउंडर!”

मार्चमध्ये ते बस डेपोमागच्या एका लहानशा जागेत गेले. सहा टेबलं, भिंतीला टेकवलेली एक शिडी, आणि स्वयंपाकी स्वतःच वाढायला. पन्नाशीचा, हातावर भाजल्याचे जुने डाग. त्याने हाडांचं सूप आणि जाड कापलेला पाव आणून ठेवला आणि जरा लांब जाऊन उभा राहिला.

शेजारच्या टेबलावर चौघांचं कुटुंब होतं. कुणी कुणाशी बोलत नव्हतं, वर बघत नव्हतं. त्यातल्या एका बाईने तोंडावर रुमाल दाबून धरला होता.

बायकोने तिकडे पाहिलं, मग चमचा तोंडात घातला.

“पाणचट आहे,” ती म्हणाली. “शेवटी कडवट लागतं.”

“नक्की?”

“सांगितलं ना.”

रविवारी त्याने लिहिलं, ‘या सुपात सगळं आहे, फक्त जीव नाही. हे पिऊन माणूस आजारी पडत नाही, पण आजारी माणसाला ते आपलंसं वाटेल.’ संपादकाने फोन करून पाठ थोपटली. ते वाक्य शहरभर फिरलं. ऑगस्टमध्ये डेपोमागच्या त्या जागेला कुलूप लागलं.

सप्टेंबरमधल्या एका सकाळी दाराची घंटा वाजली. दारात स्वयंपाकी उभा होता. हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेला डबा.

“भांडायला नाही आलो, साहेब,” तो म्हणाला. “आत येऊ?”

नकार सुचेपर्यंत तो आत आलाही होता. त्याने डबा टेबलावर ठेवला, झाकण काढलं. वाफ वर आली.

“आमच्या पोटावर पाय आला, त्याचं जाऊ द्या. मी आता एका शाळेच्या मेसमध्ये लागलोय. पण साहेब, मला झोप नाही. बावीस वर्षं मी हे एकच सूप करतोय. त्या दिवशी तुमच्या शेजारी एक कुटुंब बसलं होतं. म्हाताऱ्या वडिलांना शेवटचं पोचवून ते थेट माझ्याकडे आले होते. वडिलांना माझं सूप आवडायचं म्हणून. रडत रडत त्यांनी थेंबही ठेवला नाही. आणि तेच सूप, त्याच पातेल्यातलं, तुम्हाला निर्जीव लागलं. तेवढंच सांगा मला. काय कमी होतं?”

स्वयंपाकघराच्या दारात बायको येऊन उभी होती. तिने चौकटीला हात लावला.

त्याने एक चमचा तोंडात घेतला. गरम पाणी. त्याने डोळे मिटले, भुवया उचलल्या, विचार केल्यासारखं केलं.

“अवघड प्रश्न आहे,” तो म्हणाला. “अगं, इकडे ये. तूही घेऊन बघ. तुझ्या सरळ शब्दांत सांग यांना.”

ती आली. त्याचाच चमचा तिने घेतला, सूप प्यायली आणि मान वर केली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. नवरा वाट बघत होता. स्वयंपाकी तिच्या ओठांकडे टक लावून होता, परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखा.

तिने चमचा खाली ठेवला.

“मला नाही सांगता येणार,” ती म्हणाली.

“घाबरते हो ती,” तो हसत स्वयंपाक्याला म्हणाला. “जीभ पक्की आहे तिची. बोल गं, बिनधास्त बोल. आत्तापर्यंत कधी चुकलीस का?”

“दादा, मला माफ करा. त्या दिवशी मी शेजारच्या टेबलावरचे चेहरे बघून बोलले,” ती स्वयंपाक्याला म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. तिचा आवाज चढला नाही.

“माझी चव तुमच्याआधी चार दिवस गेली होती. तुम्ही विचारलंच नाहीत.”