उरुग्वेला गेलेल्या ठेवी

"पैसे नाहीत म्हणजे? परवाच कर्ज मंजूर केलंत की!" इंदुमतीबाईंनी पर्स टेबलावर आपटली. त्यांच्या खानावळीशेजारचा गाळा आज घेतला नाही, तर दुसऱ्याला जाणार होता.

पतसंस्थेचे मॅनेजर हणबर म्हणाले, "ताई, ठेवी सकाळीच उरुग्वेला गेल्या. आमचं व्याज तेच आहे हो, पण गावात महागाई वाढली की त्यातलं खरं उरतं किती? आमचं यंत्र तासातासाला हिशेब करतं आणि जास्त उरेल त्या देशात पैसा धाडून देतं."

"महागाई वाढवली कुणी?"

"तुम्ही. थाळी वीस रुपयांनी महाग केलीत ना?"

"तुम्हीच म्हणालात, कर्ज हवं तर उत्पन्न वाढवून दाखवा!"

"पण तुमचा फळा बघून अख्खी गल्ली भाव लिहिते, हे मला काय ठाऊक?"

बाई तणतणत गल्लीत आल्या, फळा पुसून जुना भाव लिहिला आणि समोरच्या खानावळवाल्या नलूला म्हणाल्या, "तूही उतरव गं. ठेवी परत आल्या की गाळा मिळेल मला."

"आणि तुमची खानावळ दुप्पट झाल्यावर माझ्याकडं जेवायला कोण येईल, मावशी?" नलूनं गोड हसून विचारलं, खडू उचलला आणि थाळीवर आणखी पाच रुपये चढवले.