एका दिवसाचे उपकार

"वेदनाशमन केंद्रात आजवर पेशंट कुणी पाठवलाय?" प्रशिक्षणाला जमलेल्या डॉक्टरांना शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं. माजी सैनिकांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर सबनीसांनी ऐटीत हात वर केला. "मी. सुभेदार शेलार. कॅन्सर होता."

"पाठवल्यावर किती दिवस जगले?"

"एक."

हात आपोआप खाली आला. वर्षभर त्यांनी "दुखतंय का?" विचारलं की सुभेदार उठून, टाचा जुळवून म्हणायचे, "नाही, साहेब!" तेच फायलीत लिहिलं जायचं. साहेबापुढे फौजी माणूस दुसरं काय म्हणणार, एवढं साधं सबनीसांच्या डोक्यात आलं नव्हतं.

अनुभव सांगायला सुभेदारांच्या पत्नीला बोलावलं होतं. त्या मागून उठल्या आणि त्यांनी सबनीसांनाच हात जोडले.

"लई उपकार झाले, डॉक्टर. तो एक दिवस तरी आमचे हे दातांत टॉवेल न धरता झोपले."